साथीच्या दिवसांत दमा असलेलं मूल घरी कसं सांभाळायचं: सांगली जिल्ह्यातल्या पालकांसाठी

साथ आली की दमा असलेल्या मुलांच्या घरात सगळ्यात आधी बंद पडतो तो रोजचा पंप, म्हणजे इनहेलर. २०२० च्या मार्चमध्ये आपल्या जिल्ह्यातले पहिले कोरोना रुग्ण इस्लामपुरात सापडले आणि पाठोपाठ पालक विचारू लागले, "सिस्टर, पंपात स्टिरॉइड असतंय, त्यानं अंगातली ताकद कमी होती म्हणं. थोडे दिवस बंद करू का?" २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा तोच प्रश्न जास्त घाबरून येऊ लागला. मी मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. पंप कसा लावायचा हे पालकांना शिकवणं माझ्या रोजच्या कामातलं. या प्रश्नाला तेव्हा जे उत्तर देत होते तेच आजही देते: बंद करू नका. साथ कोरोनाची असो, २००९ सारखी स्वाइन फ्लूची असो, नाहीतर दर पावसाळ्यात येणाऱ्या साध्या फ्लूची असो, दम्याच्या मुलाची तयारी इथूनच सुरू होते.

पंप बंद केल्यावर काय होतं

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सतत थोडी सूज असते. मूल खेळतं, जेवतं, शाळेत जातं, तरी सूज असतेच. विषाणू शिरला की ती भडकते, नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि हवा आतबाहेर करायला वाट उरत नाही. मुलांना येणाऱ्या दम्याच्या बहुतेक अटॅकमागे विषाणूच असतो, त्यातही साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस सगळ्यात जास्त वेळा. रोजचा पंप ही सूज खाली ठेवतो. तो थांबवला तर लगेच काहीच होत नाही. पंधरा दिवस, कधी महिनाभर मूल ठणठणीत असतं, आणि घरच्यांना वाटतं की बंद केला ते बरंच झालं. मग सर्दी होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री मूल उठून बसतं.

स्टिरॉइडच्या भीतीबद्दल आकड्यांतच सांगते. तीव्र अटॅकमध्ये २० किलो वजनाच्या मुलाला तोंडावाटे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिवसाला २० ते ४० मिलिग्रॅम दिलं जातं. रोजच्या पंपातलं ब्युडेसोनाइड बहुतेक मुलांना दिवसाला १०० ते ४०० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमच्याही आत, आणि ते थेट फुफ्फुसात जातं. म्युकरमायकोसिसची चर्चा होती ती इंजेक्शन आणि गोळ्यांमधून दिलेल्या मोठ्या मात्रांची, शिवाय त्यातल्या बऱ्याच रुग्णांना मधुमेह होता. पंपाचा काहीच दुष्परिणाम नाही असं मी म्हणत नाही. वर्षानुवर्षं घेतल्यावर उंची साधारण एक सेंटीमीटरनं कमी राहू शकते, आणि चूळ भरली नाही तर तोंडात पांढरी बुरशी येते. पण दम्यानं वारंवार आजारी पडणाऱ्या, रात्र-रात्र न झोपणाऱ्या मुलाचीही वाढ खुंटते, ते कोणी मोजत नाही.

दमा आहे म्हणून कोरोना जास्त होतो, असं मुलांमध्ये दिसलं नाही. दमा ताब्यात असलेल्या मुलांचा आजार बहुतांशी इतर मुलांसारखाच गेला. स्कॉटलंडमध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यात दवाखान्यात भरती होण्याचा धोका ठळकपणे वाढलेला दिसला तो ज्यांचा दमा ताब्यात नव्हता त्यांच्यात, म्हणजे आधी दम्यानं भरती झालेल्या किंवा तोंडावाटे स्टिरॉइड पुन्हा पुन्हा घ्यावं लागलेल्या मुलांमध्ये. म्हणून साथीची बातमी कानावर आली की पहिलं काम सॅनिटायझर आणायचं नाही. मुलाचा दमा ताब्यात आहे का ते बघायचं.

पहिलं काम: मागचे चार आठवडे आठवा

आई, बाबा, आजी, सगळ्यांनी मिळून आठवा, कारण रात्रीचा खोकला आजीला माहीत असतो आणि बाबांना नसतो. मागच्या चार आठवड्यांत दम्यामुळे मूल रात्री खोकत उठलं का? पळताना, खेळताना, मोठ्यानं हसताना खोकला येऊन थांबावं लागलं का? दिवसा घरघर किंवा धाप आठवड्यात दोनदापेक्षा जास्त झाली का? तात्काळ आरामाचा पंप आठवड्यात दोनदापेक्षा जास्त वापरावा लागला का? पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी 'दोनदा'ऐवजी 'एकदा' धरा. एकाही प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर दमा पूर्ण ताब्यात नाही. साथ गावात यायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. जाणं शक्य नसेल तर ई-संजीवनी या सरकारी सेवेवर फोनवरून सल्ला घेता येतो.

बऱ्याच पालकांना आपल्या मुलाला दमा आहे हेच स्पष्ट माहीत नसतं. कागदावर काहीतरी इंग्रजी लिहिलेलं असतं आणि घरात 'त्याला कफाचा त्रास आहे' एवढंच बोललं जातं. डॉक्टरांना सरळ विचारा: हा दमा आहे का, आणि रोजचं औषध किती महिने चालणार? पाचच्या आतल्या मुलांत नक्की निदान अवघड असतं, फुंकर मारून घ्यायची तपासणी त्यांना जमत नाही, त्यामुळे 'आत्ताच सांगता येत नाही' हेही खरं उत्तर असू शकतं. पण घरघर पुन्हा पुन्हा होते का आणि पंपानं कमी होते का, हे तुम्हाला माहीत असलंच पाहिजे.

दोन पंप, दोन कामं

एक पंप रोजचा, सूज उतरवणारा: ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन अशी नावं असतात. दुसरा तात्काळ आरामाचा, आवळलेले स्नायू सैल करणारा: सल्ब्युटामॉल किंवा लेव्होसल्ब्युटामॉल. रंगावर जाऊ नका, कंपनीनुसार रंग बदलतो. डब्यावर मार्करनं मराठीत मोठ्या अक्षरात लिहा: 'रोज' आणि 'धाप लागल्यावर'. काही मोठ्या मुलांना दोन्ही कामांसाठी एकच पंप दिलेला असतो, त्यांनी आपल्या कागदाप्रमाणेच चालायचं.

रोजचा पंप धापेच्या वेळी दिला तर लगेच उपयोग होत नाही. उलट, फक्त धापेचाच पंप वर्षभर वापरत राहणं धोक्याचं आहे: तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि आतली सूज वाढत राहते.

साथीत दुकानं, बस, रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही, म्हणून दोन्ही पंप एकेक जादा ठेवा. एकच, दहा नाहीत. २०२० मध्ये लोकांनी औषधांचा साठा केला आणि खऱ्या गरजेच्या माणसाला मिळेना. पंपावर आकडा दाखवणारा काउंटर नसेल तर हिशोब करा: २०० पफचा पंप (एकदा दाबला की एक पफ), सकाळी एक संध्याकाळी एक, म्हणजे १०० दिवस. सुरू केल्याची तारीख डब्यावर लिहा. पंप पाण्यात टाकून तरंगतो का बघायची पद्धत अजून चालते, पण तिनं औषध किती उरलंय ते कळत नाही. औषध संपल्यावरही नुसता वायू फुसफुसत राहतो आणि घरच्यांना वाटतं पंप चालू आहे. पैशांची ओढाताण असेल तर जनऔषधी केंद्रात पंप बरेच स्वस्त मिळतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातही विचारा.

ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांबद्दल मला फार वाटतं. दिवाळीनंतर बीडकडून, मराठवाड्यातून टोळ्या येतात, मुलं कोपीत राहतात, चुलीचा धूर तिथंच, आणि औषध गावाकडेच संपलेलं असतं. तुमच्या फडात असं मूल दिसलं तर जवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता सांगा, आशाताईंना कळवा. त्या घरातल्या जुन्या औषधाच्या रिकाम्या डब्याचा फोटो असला तरी डॉक्टरांना पुरतो.

स्पेसर: इथं घाई करू नका

पंप थेट तोंडात धरून दाबला तर बरंचसं औषध जिभेवर आणि घशात बसतं. मुलांना पंप नेहमी स्पेसरमधूनच, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ प्लॅस्टिकच्या नळीतूनच द्यायचा. चार-पाच वर्षांपर्यंत मास्क लावलेला स्पेसर, त्यानंतर तोंडात धरायचा.

कवठेमहांकाळकडच्या एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. औषध बरोबर, मात्रा बरोबर, आणि तरी मूल महिन्यात दोनदा भरती. मी म्हटलं, मला दाखवा कसा देता. आजींनी पंप स्पेसरला लावला, तीनदा फसफस दाबला आणि मग स्पेसर नातवाच्या तोंडाकडे नेला, तोही नाकापासून दोन बोटं लांब, कारण मास्क टेकवला की पोरगं रडायचं. औषध सगळं हवेत आणि स्पेसरच्या भिंतींवर. डॉक्टर मात्रा वाढवत होते आणि फुफ्फुसात काहीच पोचत नव्हतं. त्याच दुपारी आजींकडून पाच वेळा करून घेतलं. पाचव्यांदा त्याच मला सांगत होत्या, "थांबा सिस्टर, आधी हलवायचा असतोय."

क्रम असा. मुलाला ताठ बसवा, लहान असेल तर मांडीवर पाठ टेकवून. पंपाचं झाकण काढा, पंप चांगला हलवा. नवा पंप असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर आधी दोन-चार पफ हवेत सोडा. पंप स्पेसरच्या मागच्या भोकात बसवा. मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकेल असा चेहऱ्यावर टेकवा, कडेनं फट राहू देऊ नका. आता एकदाच दाबा. मुलाला नेहमीसारखे पाच-सहा श्वास घेऊ द्या, झडप हलताना दिसते ती मोजा. दुसरा पफ द्यायचा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा, पुन्हा एकच दाबा. मोठ्या मुलाला तोंडातला स्पेसर ओठांनी घट्ट धरायला लावा, दाबल्यावर एक सावकाश खोल श्वास, आणि जमेल तर दहा आकडे होईपर्यंत रोखून धरायचा. रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची, तान्ह्या बाळाचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायचं आणि मास्क लागलेला चेहराही.

रडणाऱ्या मुलाच्या फुफ्फुसात औषध कमी जातं. म्हणून मास्कची ओळख बरं असताना करून द्या. बाहुलीला लावा, ताईला लावा, पप्पांना लावा. झोपेत देता येईल असं बऱ्याच आयांना वाटतं, पण मास्क टेकताच मूल जागं होतं आणि दुसऱ्या दिवसापासून मास्क बघूनच रडतं.

स्पेसर महिन्यातून एकदा कोमट पाण्यात थोडा भांडी धुण्याचा साबण घालून बुडवून काढा. आतून घासू नका, फडक्यानं पुसू नका, तसाच उभा करून वाळू द्या. पुसल्यानं प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतच चिकटून बसतं. नवा स्पेसरही वापरण्याआधी असाच धुवायचा. साथीत एका मुलाचा स्पेसर दुसऱ्याला द्यायचा नाही, सख्ख्या भावंडांतही नाही.

आणि हे सगळं घरातल्या किमान दोघांना आलं पाहिजे. कोरोनात आई विलगीकरणात गेली आणि पंप कसा द्यायचा हे घरात दुसऱ्या कोणालाच माहीत नाही, असं किती घरांत झालं. व्हिडिओ कॉलवर आई सांगतेय, बाबांचा हात थरथरतोय, मूल रडतंय. बाबांनो, आजच शिकून घ्या.

घरातली आणि शिवारातली हवा

साथीत मुलं घरात कोंडली जातात, त्यामुळे घरातल्या हवेला जास्त महत्त्व येतं. डासांची कॉइल पहिली बंद करा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. मच्छरदाणी लावा. ओवा, लसूण, वावडिंगाची धुरी बाळाला प्रेमानंच दिली जाते, पण दम्याच्या मुलाला धूर म्हणजे धूर, तो कशाचाही असो. 'विषाणू मरतात' म्हणून घरभर कापूर-गुग्गुळाचा धूर करण्याचं कोरोनात फार चाललं होतं. तेही नको. फरशीला जंतुनाशक लावायचं असेल तर मूल दुसऱ्या खोलीत किंवा अंगणात असताना, खिडक्या उघड्या ठेवून लावा. हात धुवायला साबण पुरतो.

आपल्या जिल्ह्यात शेतीचे काही हंगाम या मुलांना जड जातात. गाळप सुरू झालं की पाचट पेटवलं जातं, कुठे ऊस पेटवूनच तोडतात. गुऱ्हाळाचा धूर वेगळा. तासगाव, कवठेमहांकाळ पट्ट्यात बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी देतात, तो वायू दम्याच्या श्वासनलिका क्षणात आवळतो. तिथं मुलाला नेऊच नका, खाऊ म्हणून बेदाणे आणायच्या निमित्तानंही नाही. हळद पॉलिश होत असताना उडणारी धूळही तशीच. शेजारच्या शिवारात पाचट पेटलेलं दिसलं तर तेवढा वेळ खिडक्या लावा, मूल आत घ्या, धूर गेल्यावर लगेच उघडा. साथीत एरवी मात्र खिडक्या उघड्याच हव्यात, बंद खोलीत विषाणू साठून राहतो. पूर येऊन गेलेल्या घरांत भिंतींना ओल आणि काळी बुरशी धरते. पलंग भिंतीपासून हातभर लांब घ्या आणि बुरशी घासताना मूल घरात ठेवू नका.

मास्क, लस, शाळा

पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना तोंडावर बांधायचा मास्क नको, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या देखरेखीत, त्यापुढे मोठ्यांसारखा, अशा सूचना कोरोनात आरोग्य विभागानं दिल्या होत्या. दमा ताब्यात असेल तर मास्कला अडचण नाही. धाप लागली की पहिला मास्क काढायचा.

फ्लूची लस दर वर्षी, शक्यतो पावसाळ्याच्या आधी, सहा महिन्यांच्या पुढच्या दम्याच्या प्रत्येक मुलाला द्यावी असं माझं ठाम मत आहे. नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात. ही लस सरकारी लसीकरणाच्या यादीत नाही, विकत घ्यावी लागते. घरात एकाच जणाच्या लसीचे पैसे असतील तर मुलाची आधी घ्या. अंड्याची ॲलर्जी असली तरी बहुतेक मुलांना ती चालते, डॉक्टरांना फक्त आधी सांगा.

शाळेत धापेचा पंप आणि स्पेसर दप्तरात, मुलाच्या नावानिशी. वर्गशिक्षकांना एका कागदावर तीन ओळी लिहून द्या: कधी द्यायचा, किती पफ, कोणाला फोन. 'खेळू देऊ नका' असं मात्र कधी लिहू नका.

सर्दी सुरू झाली: पहिले दोन दिवस

घरात कोणाला ताप-सर्दी असेल तर शक्य तेवढं वेगळं झोपा, मुलाला पंप देणाऱ्यानं मास्क लावा. मुलाला सर्दी झालीच तर रोजचा पंप त्याच मात्रेत चालू. धापेचा पंप, स्पेसर आणि डॉक्टरांचा कागद एका पिशवीत घालून झोपायच्या जागेजवळ ठेवा.

विषाणूचा ताप आणि दम्याचा त्रास एकमेकांपासून वेगळे ओळखायचा प्रयत्न बरेच जण करतात. ताप, अंगदुखी, घसा दुखणं दम्यानं होत नाही. रात्रीचा कोरडा खोकला, घरघर, पंपानं कमी होणारी धाप ही दम्याची. पण साथीत बहुतेक वेळा दोन्ही एकत्रच असतात. तपासणी सांगितली असेल तर करून घ्या, आणि रिपोर्ट येईपर्यंत दम्याचा उपचार थांबवू नका.

तापाला पॅरासिटामॉल, मुलाच्या वजनाप्रमाणे. पाणी, पेज, वरणाचं पाणी थोडं थोडं, वारंवार. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, मागून घेऊ नका. खोकल्याचं औषध मेडिकलमधून स्वतःहून आणू नका. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात विषारी सिरपनं मुलं दगावल्यावर केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयानं पुन्हा बजावलं: दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं द्यायची नाहीत आणि पाचच्या आत सहसा टाळायची. गरम पाण्याच्या भांड्यावर वाफारा देऊ नका. दम्याची सूज वाफेनं उतरत नाही आणि भांडं कलंडून भाजलेली मुलं आम्ही वॉर्डात बघतो. दम्यासाठी माँटेलुकास्ट हे औषध चालू असेल आणि मूल अचानक चिडचिडं, उदास झालं किंवा भयंकर स्वप्नांनी उठू लागलं, तर डॉक्टरांना कळवा.

श्वास मोजायला शिका. मूल झोपलेलं किंवा शांत असताना शर्ट वर करा, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जोरात आहे, त्याच दिवशी दाखवा.

धाप लागली: घड्याळ बघा

मुलाला ताठ बसवा, किंचित पुढे झुकलेलं. आडवं करू नका. भोवतीची गर्दी हटवा, कपडे सैल करा. धापेचा पंप स्पेसरमधून एकेक पफ करून द्या: पाचच्या आत साधारण २ पफ, त्यापुढच्या मुलांना ४. डॉक्टरांनी तुमच्या कागदावर वेगळा आकडा लिहिला असेल तर तोच खरा. वेळ लिहून ठेवा. २० मिनिटांनी बघा. श्वास सावकाश झाला, मूल बोलू-खेळू लागलं तर जवळ बसून लक्ष ठेवा. नाही झाला तर तेवढेच पफ पुन्हा, आणि घरातल्या दुसऱ्या माणसानं गाडी काढायची. तासाभरात तीनदा देऊनही धाप असेल, किंवा आराम पडून तीन-चार तासांच्या आत पुन्हा द्यावा लागत असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना. 'सकाळी बघू' म्हणून थांबलेल्या मुलांचीच अवस्था आम्हाला सगळ्यात वाईट दिसते.

काही खुणा दिसल्या तर २० मिनिटंही थांबायचं नाही. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आणि गळ्याखालचा खड्डा आत ओढला जाणं. एका दमात वाक्य पूर्ण न होणं, तान्ह्या बाळानं दूध सोडणं. ओठ किंवा जीभ निळसर, राखाडी. मूल सुस्त, हाकेला नीट ओ न देणारं. आणि सगळ्यात फसवी खूण: मघाशी जोरात असलेली घरघर थांबली, पण मूल दमलेलंच आहे. घरच्यांना हायसं वाटतं, पण तेव्हा छातीत हवाच जात नसते. १०८ ला फोन करा आणि वाट बघताना, वाटेत, अर्ध्या ते एक मिनिटाच्या अंतरानं एकेक पफ, १० पर्यंत देत राहा.

कोरोनानं घरोघरी ऑक्सिमीटर आणला. मुलाचं बोट कोमट असू द्या, मेंदी किंवा नेलपॉलिश नको, आकडा स्थिर व्हायला मिनिटभर थांबा. मोठ्यांचं यंत्र लहानग्यांच्या बोटावर नीट बसत नाही. ९४ किंवा खाली असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा, ९२ च्या खाली तातडी समजा. पण आकडा ९७ आणि बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर बरगड्यांवर विश्वास ठेवा.

मशीनची वाफ आणि दवाखाना

'पंप नको, मशीन लावा' असा आग्रह बरेच पालक धरतात. स्पेसरमधून नीट दिलेला पंप या वाफेच्या मशीनइतकाच, म्हणजे नेब्युलायझरइतकाच काम करतो, मुलांमध्ये हे अनेक अभ्यासांतून दिसलंय. साथीत मशीनची आणखी एक अडचण असते: मुलाला विषाणू असेल तर फवाऱ्याबरोबर तो खोलीभर पसरतो. म्हणून कोरोनात शक्य तिथे नेब्युलायझर टाळून स्पेसर वापरा, असं दम्यावरच्या 'जिना' या जागतिक संस्थेनं सांगितलं होतं. घरी लावावंच लागलं तर वेगळ्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून, एकाच माणसानं थांबून. शेजाऱ्यांचं मशीन आणू नका.

दवाखान्यात निघताना स्वतःचे दोन्ही पंप आणि स्पेसर बरोबर न्या. वाटेत फोन करून सांगा की दम्याचं मूल आहे, ताप आहे किंवा घरात रुग्ण आहे, म्हणजे तिथे जागा तयार राहते. डॉक्टरांनी अटॅकसाठी तीन ते पाच दिवसांचं तोंडावाटे स्टिरॉइड दिलं तर साथीच्या भीतीनं नाकारू नका, आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या सर्दीला स्वतःहून सुरूही करू नका. जतच्या टोकाच्या गावातून मिरज गाठायला दोन तासांवर लागतात, शिराळ्याच्या डोंगरी वाड्यांतून गाडी मिळायलाच वेळ जातो. अशा ठिकाणी निर्णय वीस मिनिटांनी नाही, पहिल्या पफनंतरच घ्यायचा.

पूर आणि साथ एकदम आली तर

२०२१ च्या जुलैत हेच झालं, कोरोना होता आणि कृष्णाही चढली. आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. पाणी चाळिशीकडे निघालं की दोन्ही पंप, स्पेसर, औषधाचा कागद आणि पॅरासिटामॉल जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून हाताशी ठेवा. निवारा केंद्रात मुलाला दारा-खिडकीजवळची जागा मागा आणि तिथल्या आरोग्य पथकाला पहिल्याच दिवशी दमा असल्याचं सांगा.

स्पेसर वाहून गेला, फुटला, तर अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली कामाला येते. १९९९ साली केपटाउनच्या संशोधकांनी मुलांवर तपासून दाखवलं की अशी बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीची चालते. बाटली स्वच्छ धुवून, न पुसता वाळवा. बुडाला पंपाच्या तोंडाएवढंच भोक पाडा, पंप घट्ट बसवून कडेनं चिकटपट्टी लावा, बाटलीचं तोंड मुलाच्या ओठांत द्या. एक पफ, पाच-सहा श्वास, तोच क्रम. मास्कची गरज असलेल्या तान्ह्यांना हे नीट जमत नाही, त्यांच्यासाठी पिशवीत जादा स्पेसर असलेला बरा.

अटॅक ओसरल्यावर दोन-तीन दिवसांत, फार तर आठवड्याभरात, मुलाला पुन्हा दाखवा. जाताना पंप लावून दाखवा असं तुम्हीच डॉक्टरांना किंवा सिस्टरना म्हणा, धापेचा पंप किती वेळा लागला त्याची वहीतली पानं न्या, आणि रोजच्या पंपाची मात्रा तीच ठेवायची की बदलायची ते कागदावर लिहून घ्या.